टेन्थ ग्रेडचं इंग्लिश: अँटिगनी आणि डिस्टोपिया एकत्र आले तर घरी अभ्यास कसा करायचा

माझी लेक गेल्या वर्षी टेन्थ ग्रेडला होती, इथे न्यू जर्सीत. आपली बोर्डाची दहावी नव्हे, इथे टेन्थ म्हणजे हायस्कूलचं दुसरं वर्ष, आणि 'इंग्लिश' म्हणजे ग्रामर आणि पत्रलेखन नाही तर सरळ साहित्य. ऑक्टोबरात तिच्या दप्तरातून दोन पुस्तकं निघाली, सोफोक्लिसचं 'अँटिगनी' आणि रे ब्रॅडबरीचं 'फॅरनहाइट ४५१'. मी म्हटलं हे काय कॉम्बिनेशन, एक अडीच हजार वर्षांपूर्वीचं ग्रीक नाटक आणि एक पुस्तकं जाळणाऱ्या फायरमनची कादंबरी, मिसळीवर श्रीखंड वाढल्यासारखं. पहिल्या निबंधाला तिला सी मिळाला. शेरा एका ओळीचा: हा सगळा सारांश आहे, तुझं म्हणणं कुठे आहे? ती रडली, मी आधी चिडले, मग निबंध वाचला आणि कळलं की शेरा बरोबर आहे, गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलेली आणि शेवटी 'म्हणून दोघेही शूर होते'. मग आम्ही दोघी किचन टेबलावर बसलो आणि युनिट पहिल्यापासून पुन्हा केलं. त्यात जे उपयोगी पडलं ते इथे लिहितेय. ओळखीतल्या एका मुलाला ४५१ च्या जागी ऑर्वेलचं '१९८४' होतं, त्यालाही हेच चाललं, म्हणून दोन्हीची उदाहरणं देते. शेवट सगळे फोडणार आहे, आधीच सांगते.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, बाकी सगळं त्यावर टांगायचंय. ही दोन पुस्तकं एकत्र का देतात, तर दोन्हीकडे एक माणूस सत्तेला 'नाही' म्हणतो. हे सगळ्या वर्गाला दिसतं आणि सगळा वर्ग हेच लिहितो. त्याच्या पुढे जायचं तर प्रश्न बदला: कोणाला कळतं, कधी कळतं, आणि तोपर्यंत उशीर झालाय का? ट्रॅजेडीत चूक करणाऱ्याला शेवटी कळतं, फार उशिरा. डिस्टोपियात, म्हणजे बिघडलेल्या भयाण समाजाच्या गोष्टीत, सत्तेवर बसलेल्याला कळतच नाही, किंवा सगळं कळूनही काही फरक पडत नाही. हा फरक हाताला लागला की निबंध अर्धा झाला.

पायरी १: नाटक आधी, कादंबरी नंतर

शाळा उलट्या क्रमाने शिकवत असेल तरी घरी नाटक आधी उरका. जेमतेम साडेतेराशे ओळी आहेत, दोन संध्याकाळी होतं. शाळेने दिलेली आवृत्ती कोणाच्या भाषांतराची आहे ते पहिल्या पानावर बघा आणि शेवटपर्यंत तीच वापरा, कारण भाषांतर बदललं की ओळींचे नंबर बदलतात, शब्दही बदलतात. दुसरं एखादं भाषांतर लायब्ररीतून आणून बाजूला ठेवा, ते कशाला ते पुढे सांगते.

पायरी २: पार्श्वभूमी, फक्त वीस मिनिटं

यात मुलं दोन-दोन दिवस घालवतात, गरज नाही. एवढं पुरे. अँटिगनी साधारण इ.स.पू. ४४१ मधलं. अथेन्समध्ये वसंतात डायोनायसस देवाचा उत्सव, अ‍ॅक्रोपोलिस टेकडीच्या दक्षिण उतारावर उघडं थिएटर, भर दिवसा प्रयोग, नाटककारांची स्पर्धा. बोलणारे नट तीनच, सगळे पुरुष, मुखवटे घालून भूमिका बदलत, आणि गाणारा-नाचणारा कोरस पंधरा जणांचा. मारामारी, आत्महत्या सगळं आत, स्टेजवर दूत येऊन सांगतो. सोफोक्लिसने शंभराच्या वर नाटकं लिहिली, पूर्ण उरली सात.

एक नेहमीची गल्लत. ईडिपसची (हा अँटिगनीचा बाप) तीन नाटकं म्हणजे एक ट्रिलॉजी असं मुलं लिहितात. कथेच्या क्रमात अँटिगनी शेवटचं, पण लिहिलं गेलं तिघांत आधी. ईडिपस राजा बरंच नंतर आलं आणि तिसरं तर सोफोक्लिस गेल्यावर, इ.स.पू. ४०१ मध्ये रंगभूमीवर आलं. म्हणजे त्याने एका बैठकीत ही मालिका रचली वगैरे काही नाही. आईबाबांना ईडिपसची कथा चटकन हवी असेल तर पु. लं.नी मराठीत केलेलं 'राजा ओयदिपौस' वाचा, मी तेच केलं, इंग्लिशमधून मला ती नावंच पचत नव्हती.

कथा दोन ओळीत: थीब्जच्या गादीसाठी दोन भाऊ लढतात, दोघेही मरतात. मामा क्रेऑन राजा होतो आणि फर्मान काढतो की शहरावर चालून आलेल्या पॉलिनायसिसला मूठमाती द्यायची नाही, देईल तो मरेल. बहीण अँटिगनी देते, क्रेऑन तिला जिवंतपणी गुहेत कोंडतो.

पायरी ३: मोठ्याने वाचा

मनात वाचलं तर हे नाटक मेलेलं वाटतं. आम्ही पात्रं वाटून घेतली, मी क्रेऑन, ती अँटिगनी, आणि पहारेकरी तिच्या बाबांना दिला कारण तो घाबरत घाबरत, फिरवून फिरवून बोलतो आणि चक्क विनोदी आहे, हे वर्गात बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. कोरसची गाणी वाचताना कंटाळा येतो, येऊ दे, पण गाळू नका. कोरस म्हणजे काय हे मला 'घाशीराम कोतवाल'मधली माणसांची भिंत आठवल्यावर पटकन कळलं, उभे असतात, गातात, नाचतात, मध्येच शहर होतात. फक्त इथला कोरस थीब्जच्या म्हाताऱ्या प्रतिष्ठित मंडळींचा आहे, तो राजाला घाबरतो, सांभाळून बोलतो, आणि हळूहळू बाजू बदलतो. तो नेमका कुठे सरकतो तिथे पेन्सिलने बाण करा. पुढे सोनं आहे ते.

पायरी ४: 'कधी कळलं' चा तक्ता

वहीचं एक पान आडवं धरा. डावीकडे पात्रांची नावं, वर प्रसंगांचे नंबर. ज्या प्रसंगात त्या पात्राला काहीतरी नवं कळतं तिथे काय कळलं ते चार शब्दांत लिहा. एवढंच. अँटिगनीची रांग जवळजवळ रिकामी राहते, तिला पहिल्या मिनिटापासून ठाऊक आहे की आपण मरणार. इस्मिनी आधी नाही म्हणते, नंतर बहिणीबरोबर मरायला तयार होते. सगळी गर्दी क्रेऑनच्या रांगेत आणि तीसुद्धा शेवटच्या पावभागात. माझी लेक तक्ता बघून म्हणाली, "आई, मग हे नाटक तिचं नाहीच ना, त्याचं आहे." मी म्हटलं हे लिही, हेच तुझं म्हणणं.

आता एक जागा अगदी जवळून बघू, कारण मार्क इथेच मिळतात. आंधळा भविष्यवेत्ता टायरीसियस येऊन झापून जातो, क्रेऑन पहिल्यांदा डगमगतो आणि कोरसला विचारतो काय करू. कोरस सरळ क्रम सांगतो: आधी जा, गुहेतून मुलीला सोडव, मग त्या प्रेताला थडगं बांध. क्रेऑन निघतो. पुढे दूत येऊन सांगतो काय घडलं, तर यांनी आधी प्रेताकडे जाऊन त्याला अंघोळ घातली, अग्नी दिला, वर मातीचा ढीग रचला, आणि *मग* गुहेकडे गेले. तोवर अँटिगनीने गळफास घेतलाय. तिच्याशी लग्न ठरलेला क्रेऑनचा मुलगा हायमॉन बापाच्या तोंडावर थुंकतो, तलवार उपसतो, वार चुकतो आणि ती स्वतःच्याच बरगडीत खुपसतो. ते ऐकून त्याची आई युरिडिसीही जाते. सोफोक्लिस कुठेही म्हणत नाही की क्रम उलटा केला म्हणून मेले सगळे. तो फक्त दोन ठिकाणी दोन क्रम ठेवतो आणि गप्प बसतो. क्रेऑनने असं का केलं यावर तासभर वाद घालता येतो. घाईत चुकला? देवांचा कोप मुलीच्या जिवापेक्षा मोठा वाटला? का चूक कळल्यावरही माणसं आधी कागदोपत्री भागच दुरुस्त करतात? (माझं मत तिसरं आहे, ऑफिसात रोज बघते.) आणि मुलाचं प्रेत हातात घेऊन तो परत येतो तेव्हा कोरस म्हणतो, काय योग्य ते तुला दिसलं खरं, पण फार उशिरा. तो म्हणतो, हो, शिकलो. आपला प्रश्न नाटकानेच विचारून ठेवलाय.

दुसरी जागा एका शब्दाची. माणसाच्या करामतींवर कोरसचं एक प्रसिद्ध गाणं आहे, समुद्र ओलांडतो, जमीन नांगरतो, सगळं जमतं, मरण सोडून. सुरुवातीलाच 'दैनॉन' हा ग्रीक शब्द येतो. कोणी त्याचं 'अद्भुत' करतं, कोणी 'भयानक', आणि इथे ते दुसरं भाषांतर कामाला येतं, दोन्ही ओळी शेजारी ठेवून बघा. आपल्याला हे समजावून सांगायला नको, 'पोरगी भयंकर हुशार आहे' हे आपण कौतुकाने म्हणतो की! पुढे हायमॉन बापाला सांगतो की तुमची नजर सामान्य माणसाला भीतीदायक वाटते, म्हणून लोक तुमच्यासमोर बोलत नाहीत, अंधारात कुजबुजतात, त्या मुलीसाठी हळहळतात. तिथेही तोच शब्द, दैनॉन, डोळ्यासाठी. आता १९८४ चं पहिलं पान उघडा, जिन्याच्या प्रत्येक मजल्यावर हुकूमशहा बिग ब्रदरचा चेहरा आणि आपल्यामागे फिरणारे डोळे. पूल बांधून झाला, दोन पुस्तकांमधला.

पायरी ५: कादंबरी वाचताना तीनच रंगाच्या चिठ्ठ्या

सगळं हायलाइट करणारी मुलं काहीच हायलाइट करत नाहीत. तीन रंग घ्या. पिवळा: लोक कसे गप्प केलेत किंवा गप्प झालेत. निळा: कोणाला काहीतरी कळलं. गुलाबी: शहर, गर्दी, शेजारीपाजारी. तिसरा रंग कोणी लावत नाही आणि तुलना त्यातूनच निघते.

४५१ मध्ये पिवळ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फायरमनच्या साहेबाचं, कॅप्टन बीटीचं लांबलचक भाषण, तो फायरमन मॉन्टॅग आजारी म्हणून अंथरुणात असतो तेव्हाचं. तो सांगतो की हे सरकारने वरून लादलेलं नाही, लोकांनीच वाचणं सोडलं, सगळं छोटं, वेगवान, कोणालाच न टोचणारं हवं झालं, बंदी नंतर आली. मुलं बिनधास्त लिहून येतात की 'सरकारने पुस्तकांवर बंदी घातली म्हणून लोक अडाणी झाले', म्हणजे पुस्तक जे सांगतंय त्याच्या बरोब्बर उलट. अर्थात बीटी बोलतोय म्हणून खरंच मानायचं का, हाही प्रश्न आहेच. मॉन्टॅगच्या बायकोकडे, मिल्ड्रेडकडेही नीट लक्ष द्या. तीन भिंतींचे टीव्ही आहेत, चौथी हवीय, त्यातल्या माणसांना ती 'फॅमिली' म्हणते, आणि आपण नवऱ्याला पहिल्यांदा कुठे भेटलो हे तिला आठवत नाही. त्यालाही नाही.

'डिस्टोपिया'च्या व्याख्येवर फार शाई घालवू नका. टॉमस मोरने १५१६ मध्ये 'युटोपिया' शब्द केला, त्यात 'चांगली जागा' आणि 'नसलेली जागा' असा श्लेष आहे, डिस्टोपिया त्याचा उलटा भाऊ. एक वाक्य, पुढे चला.

पायरी ६: कोरस शोधा

हा आमचा जॅकपॉट. ट्रॅजेडीत शहर स्टेजवर उभं असतं आणि बोलतं. मग कादंबरीत कोरस कुठे गेला?

१९८४ मध्ये 'दोन मिनिटांचा द्वेष' हा रोजचा सामूहिक कार्यक्रम संपताना सगळे एका लयीत बिग ब्रदरची आद्याक्षरं घोकतात, संथ, जड आवाजात, बराच वेळ. ताल आहे, समूह आहे, म्हणजे कोरसच, फक्त त्याच्याकडे सांगायला काही उरलेलं नाही.

४५१ च्या तिसऱ्या भागात मॉन्टॅग पळतोय आणि टीव्हीवर त्याचा पाठलाग लाइव्ह चालू आहे. सूचना येते की त्या भागातल्या प्रत्येकाने दहा आकडे मोजून एकाच वेळी दार उघडायचं, खिडकीतून बघायचं, म्हणजे तो सुटणार नाही. आकडे मोजले जातात, दारं उघडतात. अख्खं शहर एकाच क्षणी दारात उभं, आणि एकही माणूस काही बोलत नाही. तेवढ्यात तो नदीशी पोचलेला असतो, मग कॅमेऱ्यासाठी फिरायला निघालेल्या कोण्या भलत्याच माणसाला हाउंडकडून, म्हणजे यांत्रिक कुत्र्याकडून, मारलं जातं आणि चेहरा मुद्दाम धूसर ठेवतात. थीब्जची म्हातारी मंडळी भित्री होती पण शेवटी तोंड उघडून राजाला म्हणाली, सोडव तिला. इथे शहर प्रेक्षक झालंय. माझ्या लेकीने ही दोन दृश्यं शेजारी ठेवली आणि तिचा निबंध तिथे वळला.

पायरी ७: तीन शब्दांचे सापळे

हॅमार्शिया म्हणजे 'स्वभावदोष' असं सगळ्या हँडआउटवर असतं. मूळ अर्थ नेम चुकणं. क्रेऑनचा नेम चुकला असं म्हणून बघा, निबंध लगेच स्वभावाच्या लेबलावरून कृतीवर येतो. ह्युब्रिसचं भाषांतर 'गर्व' करतात, मला आपला 'माज' जास्त जवळचा वाटतो, कारण ग्रीकमध्ये त्यात दुसऱ्याला मुद्दाम अपमानित करणं आहे, अथेन्समध्ये त्यावर खटलाही भरता यायचा. प्रेत उघडं टाकणं हा माजच. आणि अ‍ॅनॅग्नोरिसिस, उमज पडणं, हा आपला मुख्य शब्द. १९८४ च्या शेवटी नायक विन्स्टनला वाटतं की आपल्याला अखेर उमगलं, तो बिग ब्रदरवर प्रेम करतो. रचना ट्रॅजेडीची, आतला माल खोटा. कॅथार्सिस, म्हणजे ट्रॅजेडी बघून भावनांचा निचरा होणं, सगळे लिहितात, तुम्ही नाही लिहिलं तरी चालेल.

पायरी ८: निबंध

आधी थीसिस. पहिला ड्राफ्ट असा होता: 'अँटिगनी आणि मॉन्टॅग दोघेही अन्यायी सत्तेविरुद्ध उभे राहतात.' याला कोणी नाही म्हणू शकतं का? नाही, मग तो थीसिस नाही, ती माहिती. मी तिला 'बरं मग?' विचारत राहिले, चारदा विचारल्यावर ती वैतागली आणि वैतागून जे बोलली ते असं: क्रेऑनला चूक कळते कारण त्याच्याभोवती अजून बोलणारी माणसं उरलीयत, ४५१ मधल्या शहराने स्वतःहून बोलणं सोडलंय म्हणून तिथे सत्तेची चूक कोणी दाखवूच शकत नाही. झाला थीसिस. त्यात 'कारण' आणि 'म्हणून' आलं पाहिजे, आणि समोरच्याला भांडता आलं पाहिजे.

मग प्रत्येक परिच्छेदात तीन कामं. अवतरण छोटं, अर्ध्या ओळीचं, आपल्या वाक्यात विणलेलं. त्यातला एखादा शब्द किंवा क्रम काय करतोय ते दोन-तीन वाक्यं. मग 'बरं मग?'चं उत्तर. सारांश घुसलाय का हे तपासायला सोपी युक्ती, परिच्छेदातली क्रियापदं बघा: गेला, म्हणाला, मेली, पळाला एवढीच असतील तर तुम्ही गोष्ट सांगताय. आपल्या शाळेतलं 'संदर्भासह स्पष्टीकरण' आठवा, त्यात आपण संदर्भावर अर्धं पान घालवायचो आणि स्पष्टीकरण दोन ओळी, इथे अगदी उलटं करायचं.

विरोधी बाजूला एक परिच्छेद ठेवाच. आमच्यावर पहिला आक्षेप घरातूनच आला, बाबा म्हणाले मॉन्टॅगला कळतंच की. हो, पण तो राजा नाही. राजाच्या जागी बीटी आहे, आणि बीटीला तर सगळं आधीच ठाऊक आहे, पुस्तकांतली वाक्यं पाठ म्हणतो. मॉन्टॅग त्याला जाळून टाकतो आणि नंतर त्याच्या लक्षात येतं की या माणसाला मरायचंच होतं. ज्ञान आहे, वळण नाही. क्रेऑनला उशिरा कळलं, याला लवकर कळून उपयोग झाला नाही. हा परिच्छेद तिने रात्री साडेदहाला लिहिला आणि सगळ्यात चांगला तोच झाला.

पायरी ९: सेमिनारची तयारी

सॉक्रॅटिक सेमिनार म्हणजे वर्ग गोल बसतो, शिक्षक गप्प, मुलं बोलतात, आणि बोलण्याला मार्क. आपली मुलं इथे मार खातात, उत्तर पक्कं झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही हे आपणच शिकवलेलं असतं. म्हणून उत्तरं नाही, प्रश्न घेऊन पाठवा, तीन पुरेत, प्रत्येकाला पान किंवा ओळ जोडलेली.

एक भन्नाट प्रश्न फुकट देते. मरायला जाताना अँटिगनी म्हणते की नवऱ्यासाठी किंवा पोरासाठी मी हे केलं नसतं, नवरा दुसरा मिळतो, पोर दुसरं होतं, आईबाप गेल्यावर भाऊ पुन्हा मिळत नाही. माझी लेक वाचून म्हणाली, "हे किती वीअर्ड आहे." जर्मन कवी गटेलाही ते इतकं खटकलं होतं की या ओळी मागाहून घुसडलेल्या ठराव्यात अशी त्याची इच्छा होती. काही भाषांतरांत त्या गाळलेल्याच असतात, तुमच्या प्रतीत आहेत का बघा. मग विचारा: देवांच्या अलिखित कायद्यासाठी मरते म्हणणारी ही मुलगी इथे हिशोब का मांडतेय?

आणि नाटक जुनं झालंय असं कोणी म्हणालंच तर एक गोष्ट खिशात असू द्या. नेल्सन मंडेला रॉबेन आयलंडच्या तुरुंगात होते तेव्हा कैद्यांनी अँटिगनी बसवलं होतं, आणि मंडेलांनी काम केलं क्रेऑनचं. त्यांनी आत्मचरित्रात लिहिलंय हे. कैद्याने राजा व्हायचं, यावर वर्ग दहा मिनिटं तरी बोलतो.

देण्याआधी

नाटकाला ओळ नंबर, कादंबरीला पान नंबर, दोन्हींची सरमिसळ करू नका. ऑनलाइन सापडलेल्या जुन्या भाषांतरातलं वाक्य आणि शाळेच्या प्रतीतला ओळ नंबर असं कडबोळं आमच्याकडून एकदा झालं, शिक्षिकेने बरोबर पकडलं. पुस्तकांची नावं तिरप्या अक्षरात. अँटिगनीचं स्पेलिंग शेवटपर्यंत एकच. आणि प्रिंट काढण्याआधी निबंध मोठ्याने वाचून घ्या, जिथे जीभ अडखळते ते वाक्य तोडा, आमचं सगळ्यात लांब वाक्य एकवीस स्वल्पविरामांचं निघालं, माझ्यावर गेलीय पोरगी.